सोळा आवाज, चार मैफिली : बडोद्यातल्या चेंबर क्वायरचा येता हंगाम

बडोद्यातल्या एका छोट्या चेंबर क्वायरनं, म्हणजे मोजक्या गायकांच्या समूहगानाच्या संचानं, नोव्हेंबर ते मार्च या काळातल्या चार कार्यक्रमांचं पत्रक काढलं आहे. सोळा गायक, वाद्य एकही नाही, आणि रचना बाराव्या शतकापासून थेट आपल्या काळापर्यंतच्या. चारही कार्यक्रमांचा पास १५०० रुपये, सुटं तिकीट ५००, विद्यार्थ्यांना निम्मी किंमत. आमचा निकाल आधीच सांगतो. डिसेंबर आणि जानेवारी चुकवू नका. नोव्हेंबर चांगला आहे. मार्चचा कार्यक्रम आज पत्रकात जसा मांडलाय तसा झाला तर अर्धाच जमेल. तीन सुट्या तिकिटांचे पैसे आणि पासचे पैसे सारखेच होतात, तेव्हा पासच घ्यावा आणि मार्चचं तिकीट वरकड समजावं.

या हंगामाची खरी हुशारी अशी की रचना शतकांच्या क्रमानं लावलेल्या नाहीत, जागेच्या आवाजाप्रमाणे लावल्या आहेत. तीन कार्यक्रमांत जागा, गायकांची संख्या आणि रचना या तिघांचं बहुतेक नीट जुळलंय. चौथ्यात ते तुटलंय. त्याकडे शेवटी येऊ.

आधी हे गाणं ऐकायचं कसं, कारण ‘समूहगान’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पन्नास जणांनी एकाच चालीत म्हटलेलं स्फूर्तिगीत येतं. इथे सोळा जणांचे चार विभाग आहेत : सोप्रानो आणि आल्टो (बायकांचे उंच आणि खालचे आवाज), टेनर आणि बास (पुरुषांचे उंच आणि खालचे), प्रत्येकी चार जण. प्रत्येक विभागाची चाल वेगळी, आणि जुन्या रचनांत तर चारही चाली तोलामोलाच्या असतात. एक गायक आणि तिघे साथीदार असा प्रकार नसतो. पहिल्यांदा ऐकताना सगळं एकदम धरायला जाऊ नका. एका विभागात एखादी ओळ सुरू झाली की तीच ओळ थोड्या वेळानं दुसऱ्या विभागात कुठे उगवते, तेवढंच शोधत राहा. दहा मिनिटांत कान आपोआप रुंद होतो.

तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला इथे एक मोठा फायदा आहे. या क्वायरपुढे पेटी नाही, ऑर्गन नाही. कंडक्टर नादकाटा कानाशी धरतो, चार विभागांना त्यांचे स्वर गुणगुणून देतो आणि हात उचलतो. त्यामुळे पेटीच्या समान वाटलेल्या सप्तकाचं बंधन या गायकांवर नसतं. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे सेमीटोन. त्याचे शंभर भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, तर नीट जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार उमटतो तो ३८६ सेंटवर. चांगला क्वायर लांब ठेवलेल्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम लावलेल्या तीन-चार स्वरांच्या जुळणीत, हाच उतरता गंधार लावतो. तो लागला की सोळा आवाजांतली थरथर एकदम थांबते आणि कुणीच गात नसलेला एक वरचा स्वर हवेत ऐकू येतो. पेटीची सवय असलेल्या माणसाला हे जाणवायला वेळ लागतो. तानपुरा लावणाऱ्याला मात्र त्या क्षणी कळतं.

आणि याच शुद्धतेतून क्वायरचा सगळ्यात मोठा दोष जन्मतो : सूर उतरणं. त्याचं एक कारण थकवा, पण दुसरं निव्वळ गणित आहे. सा-ग-प ही कॉर्ड घ्या. मग ध-सा-ग, मग रे-म-ध, मग प-नि-रे आणि परत सा-ग-प. प्रत्येक वेळी आधीच्या कॉर्डमधला सामाईक स्वर जागेवर धरून बाकीचे शुद्ध लावत गेलं, तर फेरी पूर्ण होईपर्यंत षड्ज जवळजवळ २२ सेंट खाली आलेला असतो. कारण धैवताशी जुळलेला रिषभ आणि पंचमाशी जुळलेला रिषभ हे एक नाहीत. पहिला १०/९, दुसरा ९/८, आणि दोघांतलं अंतर ८१/८०. हीच आपली प्रमाणश्रुती. अशा पाच फेऱ्या झाल्या की अख्खा क्वायर अर्ध्या स्वरानं खाली, आणि एकही गायक बेसूर गेलेला नाही! सोळाव्या शतकातच इटलीतल्या बेनेदेत्ती या गणितज्ञानं संगीतकार चिप्रियानो दे रोरे याला पत्रांतून हे मांडून दाखवलं होतं. बडोद्याला हा प्रश्न परका नाही. सयाजीरावांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली तेव्हापासून इथे गाणं कागदावर कसं उतरवायचं याची खटपट चालत आली, आणि १९१६ साली याच शहरात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींवर भरपूर चर्चा झाली.

अनुभवी क्वायर या उतरणीवर दोन उपाय करतो. एक म्हणजे सामाईक स्वर हटवादीपणानं न धरता रिषभासारख्या जागी किंचित तडजोड करणं. ही तडजोड कुणी करायची हे तालमीत ठरवून घ्यावं लागतं, नाहीतर दोन विभाग एकाच वेळी सरकतात. दुसरा म्हणजे मूळ सूरच बदलणं. एफ मेजरमधली रचना, म्हणजे पांढरी चारचा षड्ज, हमखास उतरते हा क्वायरवाल्यांचा जुना अनुभव. तीच काळी तीनवर चढवली की बरेचदा टिकते, कारण आवाजाची जोडस्थानं, म्हणजे जिथे आवाजाचा पोत बदलतो त्या जागा, वेगळ्या स्वरांवर येतात. बाकी उतरण्याची कारणं साधी आहेत. एकच स्वर पुन्हा पुन्हा म्हणताना तो खचतो; चढता पूर्ण स्वर आखूड घेतला जातो आणि उतरता लांब. या क्वायरमधले काही आवाज हिंदुस्थानी तालमीतले आहेत, त्यांच्यापुढे आणखी एक अडचण : स्वराला खालून मींडेनं जाऊन भिडण्याची सवय. एकट्याच्या गाण्यात ती देखणी, पण चौघांच्या ओळीत चौघे चार वेळांना पोचतात आणि कॉर्ड उशिरा जुळते.

आता एकेक कार्यक्रम.

नोव्हेंबरची मैफल फतेहगंज भागातल्या एका जुन्या चर्चमध्ये आहे. हिल्डेगार्ड फॉन बिंगेन (१०९८ ते ११७९) हिच्या एकआवाजी रचना, मग जोस्कँ दे प्रे याची चार आवाजांची ‘आवे मारिया’, आणि उत्तरार्धात विल्यम बर्डचा चार आवाजांचा मास, म्हणजे कॅथलिक उपासनेत गायच्या भागांचा संच. हिल्डेगार्डच्या हस्तलिखितात साथीचा धरलेला स्वर नाही. आजकाल अनेक जण खाली एक सूर लावून ठेवतात, आणि या क्वायरनंही पत्रकात तसं सूचित केलं आहे. आमचं मत : निदान एक रचना सुराविना गावी. तिच्या चाली दीड सप्तकापर्यंत उड्या घेतात, आणि खाली आधार नसला की त्या उडीतलं धाडस दिसतं.

जोस्कँची रचना पेत्रुच्ची या मुद्रकानं १५०२ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या मोटेटसंग्रहात (मोटेट म्हणजे लॅटिन धार्मिक समूहरचना) अगदी पहिली आहे. सुरुवातीला चारही आवाज वरून खाली एकामागून एक येतात, त्यामुळे कोण काय गातंय हे नवख्यालाही कळतं. या संगीतात शिरायला याहून सोपं दार नाही. शेवटी सगळे थांबून एकत्र, सरळ कॉर्डमध्ये प्रार्थना म्हणतात आणि शेवटची कॉर्ड निव्वळ सा आणि प. गंधारच नाही. पाच मिनिटांच्या दाट विणकामानंतर ती मोकळी जागा ऐकणाऱ्याच्या अंगावर येते. तिथे टाळ्या लगेच पडू नयेत एवढीच विनंती.

बर्डच्या मासबद्दल आमची तक्रार संख्येची आहे. हा मास १५९२-९३ च्या सुमारास छापला गेला तो मुखपृष्ठाशिवाय, कारण इंग्लंडात तेव्हा कॅथलिक उपासनेवर बंदी होती आणि ती घराघरांत दार लावून चाले. म्हणजे मूठभर माणसांनी गायचं संगीत. सोळा जणांनी ते गायल्यावर वजन येतं, पण धार जाते. गायक कमी करायचे तर एका ओळीला एक करावा किंवा तीन, पण दोन कधीच नको. एकटा स्वतःचा सूर स्वतः सांभाळतो. तिघांत सरासरी निघते. दोघांत मात्र थोडासाही फरक थरथरीसारखा ऐकू येतो आणि लपायला जागा नसते. मासचा शेवटचा भाग ‘आन्युस देई’ वरच्या दोन आवाजांनी सुरू होतो, तो भाग तरी दोघांनीच गावा. त्याच भागाच्या शेवटी शांतीची याचना आहे, आणि तिथे बर्डनं एकामागून एक आवाज मागच्या कॉर्डमध्ये अडकवून ठेवले आहेत : बाकीचे पुढे गेले, एक मागेच राहिला, टोचला, मग उतरला, तोवर दुसरा अडकला. ही साखळी जितकी सावकाश आणि जितकी सपाट, म्हणजे आवाज न थरथरवता गायली जाईल, तितकी ती खरी वाटते. संपूर्ण मास पंचवीस मिनिटांच्या आसपास जातो.

बसण्याबद्दल. या चर्चमध्ये जागा क्रमांकाच्या नाहीत, दार अर्धा तास आधी उघडतं. पहिल्या तीन ओळींत बसलात तर समोर जो विभाग उभा असेल तोच ऐकू येईल. आठव्या ओळीपासून पुढे, मधल्या वाटेजवळ बसा. मागच्या सज्जाखाली मात्र नको. तिथे वरून परतणारा आवाज पोचत नाही आणि गाणं डब्यातून आल्यासारखं लागतं. दुसरी गोष्ट तारखेची. तुळशीची लग्नं लागली की शहरात वरघोडे, म्हणजे लग्नाच्या वराती, सुरू होतात, आणि साडेसातची वेळ म्हणजे नेमकी बँड आणि डीजे रस्त्यावर असण्याची वेळ. क्वायरनं कार्यक्रम सहाला सुरू केला तर हिल्डेगार्डचे शांत भाग वाचतील. नोव्हेंबरच्या संध्याकाळी पंखे बंद ठेवता येतात, तेवढं तरी आयोजकांनी आधीच ठरवावं.

डिसेंबरची तारीख मात्र फार विचारानं निवडलेली दिसते. सोळा डिसेंबरच्या पुढे धनुर्मास लागतो, गुजरातीत कमुर्ता, आणि उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, लग्नं नसतात. रस्ता शांत. जागा तेच चर्च.

या कार्यक्रमाचा कणा एकाच लॅटिन मजकुराच्या तीन चाली. ‘ओ माग्नुम मिस्तेरियुम’, म्हणजे गोठ्यातल्या जनावरांनी नवजात देवाला पाहिलं हे केवढं गूढ, असा तो मजकूर. पहिली चाल स्पेनच्या व्हिक्टोरियाची, १५७२ ची. दुसरी पुलँकची, १९५२ ची. तिसरी अमेरिकेच्या मॉर्टन लॉरिडसनची, १९९४ ची. एकाच बंदिशीचे तीन घराण्यांचे अवतार लागोपाठ ऐकायला मिळावेत तसं हे आहे, आणि संपूर्ण हंगामातली ही आमची सर्वांत आवडती कल्पना. व्हिक्टोरिया एका पंचमानं खाली उतरतो आणि लगेच परत वर येतो. तेवढ्या एका हालचालीतून सगळी रचना उकलते. शेवटचा आलेलुया तीनच्या चालीत उड्या मारत जातो, तिथे गायकांनी वजन पहिल्या मात्रेवर आपटलं तर नाच होतो. ते टाळायला हवं.

लॉरिडसनची रचना डी मेजरमध्ये आहे. डीला षड्ज माना, आणि बिलावलाचे सात शुद्ध स्वर सोडून ही चाल जवळपास बाहेर पाऊल टाकत नाही. सहा मिनिटांत एकच जागा वेगळी : ‘व्हिर्गो’ (कुमारी, म्हणजे मेरी) या शब्दावर आल्टो जी शार्प लावतात. आपल्या भाषेत, शुद्ध स्वरांच्या त्या सगळ्या प्रदेशात अचानक एक तीव्र मध्यम. संगीतकारानं आईच्या भावी दुःखासाठी तो एक स्वर राखून ठेवला. रागात वर्ज्य स्वराचा एक कण लावणं काय असतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही जागा समजावून सांगावी लागणार नाही. इथे दोन चुका संभवतात. आल्टो घाबरत घाबरत आल्या तर स्वर जी आणि जी शार्पच्या मध्ये कुठेतरी पडतो. किंवा कंडक्टर तो स्वर मोठा करून दाखवतो आणि गुपित जाहीर होतं. तो इतर स्वरांइतकाच हलका, पण जागेवर हवा.

याच कार्यक्रमात जॉन टॅव्हनरचं ‘द लॅम्ब’ (१९८२) आहे. साडेतीन मिनिटांची रचना. सोप्रानो एक ओळ गातात. मग आल्टो तीच ओळ आरशात उलटी करून सोबत गातात, तिकडे आरोह तर इकडे अवरोह. दोघींच्या मध्ये जे खडे पडतात ते मुद्दाम आहेत, बेसूर नाहीत. आणि शेवटी सँडस्ट्रमची १९९० ची रचना : प्रेटोरियसनं १६०९ मध्ये चार आवाजांत बांधलेलं नाताळचं गीत एक लहान चौकडी अतिशय संथ गाते, आणि भोवती आठ ओळींचा दुसरा क्वायर तोंड मिटून गुंजत राहतो. सोळातले चार चौकडीत गेले की आठ ओळींसाठी उरतात बारा जण. म्हणजे चार ओळींना एकेकच माणूस. गुंजन अखंड राहायला हवं तर एका ओळीत निदान दोघे पाहिजेत, आळीपाळीनं श्वास घ्यायला. यातून मार्ग आहे : जोड्या सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या ओळींना द्याव्यात आणि एकटे आवाज मधल्या ओळींत ठेवावेत, तिथली श्वासाची फट ऐकणाऱ्याला कळत नाही. या रचनेसाठी गुंजणारा क्वायर भिंतींच्या कडेनं उभा करणार असल्याचं पत्रकात म्हटलंय. तसं झालं तर त्या दिवशी भिंतीपासून दूर, मधोमध बसा.

जानेवारीचा कार्यक्रम उत्तरायण आणि वासी उत्तरायण (त्याचा दुसरा दिवस) उलटल्यावर, महिनाअखेरीस. जागा संस्थानकाळातला एक दगडी हॉल, मोठ्या आवारात आत असलेला, म्हणून वरघोड्यांचा आवाज तिथवर फारसा येत नाही. फरशी दगडी, छत उंच, पडदे नाहीत. टाळी वाजवली की शेपूट तीन सेकंदांच्या वर रेंगाळतं. नाटकाला ही जागा निरुपयोगी आणि या कार्यक्रमासाठी उत्तम. गेसुआल्दोच्या १६११ च्या संग्रहातली गुड फ्रायडेच्या आठवड्याची सहा आवाजांची रचना, आर्वो पॅर्टचं ‘माग्निफिकात’ (१९८९), लिगेतीचं ‘लुक्स एतेर्ना’ (१९६६) आणि नूटस्टेटचं ‘इमॉर्टल बाख’.

लिगेतीसाठीच हा क्वायर सोळा जणांचा असावा असं वाटावं इतकं ते जुळतं, कारण रचना बरोबर सोळा एकेकट्या आवाजांची आहे. सुरुवातीचे आवाज एका स्वरापासून निघतात आणि एकच चाल प्रत्येक जण वेगळ्या लयीत पुढे नेतो : कुणी मात्रेचे तीन भाग करतो, कुणी चार, कुणी पाच. त्यामुळे सम कुठेच सापडत नाही, चाल ऐकू येत नाही, आणि ऐकू येतो तो फक्त हळूहळू रंग बदलणारा एक ढग. ताल शोधू नका. गायकाच्या दृष्टीनं मात्र हे सगळं काटेकोर मोजमाप आहे. एक जण अर्धी मात्रा घसरला तर कॉर्ड वेळेआधी उघडी पडते, आणि त्याला सावरायला शेजारी नाही, कारण त्याच्या ओळीत तो एकटाच. दुसरा धोका बासचा : त्यांना पातळ, उंच आवाजात अतिशय हळू यावं लागतं, आणि थंड घशानं ते फाटतं. पत्रकात लिगेती मध्यंतरानंतर लगेच ठेवला आहे. वीस मिनिटं चहा आणि गप्पा झाल्यावर असा प्रवेश करायला लावणं चूक आहे. तो पॅर्टनंतर, मध्यंतराच्या आधी घ्यावा. रचनेच्या शेवटी स्वरलिपीत काही मोकळी आवर्तनं लिहिलेली आहेत, तेही संगीतच आहे. कंडक्टरचा हात पूर्ण खाली येईपर्यंत टाळी नको.

पॅर्टची पद्धत १९७६ पासूनची, आणि तिला त्यानं घंटेच्या किणकिणीवरून नाव दिलं. एक आवाज पायरी पायरीनं चालतो, दुसरा फक्त एकाच कॉर्डच्या तीन स्वरांवर उड्या मारतो. ‘माग्निफिकात’मध्ये कमी आवाजांची जी कडवी आहेत त्यांत एक सोप्रानो एकाच सी या स्वरावर सगळा मजकूर म्हणते, आणि दुसरा आवाज तिच्याभोवती फिरतो. आपल्याकडे आधारस्वर तानपुरा धरतो. इथे तो शब्द उच्चारणारी बाई धरते. त्या एका स्वराचा भार फार आहे. ‘इ’ आला की स्वर चढतो, ‘आ’ आला की खचतो. शब्द बदलत असताना स्वर न हलवणं ही तिची परीक्षा.

गेसुआल्दो या हॉलमध्ये अवघड जाईल. त्याच्या कॉर्ड एकमेकींच्या शेजारी असूनही एकमेकींच्या नात्यातल्या नसतात. तीन सेकंदांच्या निनादात आधीची कॉर्ड विझायच्या आत पुढची सुरू झाली तर सगळं गढूळ होतं. इथे लय कमी करण्यापेक्षा रचनेतले विराम लांबवणं हा बरा उपाय, निनाद विझेपर्यंत थांबून मग पुढे. शिवाय पॅर्टच्या पाठोपाठ तो नको. एकाच कॉर्डवर स्थिरावलेला कान एवढ्या मोठ्या वळणांना नकार देतो, गाणाऱ्यांचाही आणि ऐकणाऱ्यांचाही. नूटस्टेट शेवटी ठेवलाय ते उत्तम. बाखच्या एका गीताच्या ओळी आधी सरळ गायल्या जातात, मग त्याच ओळी प्रत्येक गट वेगवेगळ्या लांबीनं ताणतो. बाख विरघळतो, आणि ओळीच्या शेवटच्या कॉर्डवर पुन्हा गोळा होतो. चार-पाच मिनिटांची रचना. या हॉलचा निनाद इथे सतरावा गायक आहे.

मार्चबद्दल. होळीनंतर, एका वातानुकूलित नाट्यगृहात, अलेग्रीचं ‘मिझेरेरे’, मॅकमिलनचं त्याच स्तोत्रावरचं २००९ चं काम, आणि कॅरोलिन शॉच्या ‘पार्टिटा फॉर एट व्हॉइसेस’मधले दोन भाग. कागदावर हे फार सुंदर दिसतं. पण नाट्यगृह बांधलेलं असतं संवाद कळावेत म्हणून. निनाद सेकंदाच्या आसपास, खुर्च्या मऊ, पडदे जाड. त्यात गाणं कोरडं पडतं, म्हणून आयोजकांनी सगळ्या कार्यक्रमाला मायक्रोफोन लावायचं ठरवलं आहे. शॉच्या रचनेला ते योग्यच आहे. २०१३ चं पुलित्झर मिळालेल्या या कामात बोलणं, कुजबुज, श्वास, घशातून काढलेले वरचे स्वर हे सगळं आहे आणि ते आठ गायकांच्या आठ माइकांतूनच पोचतं.

अलेग्रीचं मात्र माइकनं नुकसान होतं. हे काम दोन क्वायरचं आहे, एक पाच आवाजांचा, दुसरा चारांचा, आणि मध्ये एकआवाजी ओळी. दोघांमधलं अंतर हाच त्याचा प्राण. दोन्ही गट एकाच स्पीकरमधून ऐकू आले की अंतर पुसलं जातं. उपाय हाताशी आहे : चार जणांना मागच्या सज्जात उभं करा आणि माइक बंद ठेवा. फक्त एक सांभाळा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीस मीटरवरच्या गायकाला समोरचा सूर सुमारे ५९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि त्याचं उत्तर परत यायला तेवढाच वेळ. सज्जातल्यांनी कानावर न विसंबता कंडक्टरच्या हातावर गावं लागेल, म्हणजे हात दिसेल एवढा उजेड तिथून हवा. आणि जो उंच सी ऐकायला लोक येतात तो अलेग्रीचा नाही. एकोणिसाव्या शतकात एक तुकडा वरच्या पट्टीत जाऊन मूळ रचनेला चिकटला, तिथून तो आला. लागला तर छानच लागतो. पण चौदा वर्षांच्या मोत्सार्टनं १७७० मध्ये रोममध्ये ऐकून जे स्मरणातून लिहून काढलं, त्यात तो शोधू नये.

मार्चमध्ये वातानुकूलन बंद करता येणार नाही, उकडेल. निदान शॉचे भाग आधी घेऊन मध्यंतरात सभागृह थंड करून ठेवावं आणि अलेग्रीच्या बारा-तेरा मिनिटांपुरते पंखे आणि यंत्र थांबवावं.

पुस्तिकेबद्दल दोन गोष्टी. मजकुराचा अनुवाद सध्या फक्त इंग्रजीत आहे. मराठी आणि गुजराती दोन्ही हवेत, आणि लॅटिन ओळी देवनागरीतही छापाव्यात. लॅटिनला देवनागरी सोयीची आहे. त्यातला ‘त’ दंत्य, आपल्या ‘तार’मधला, इंग्रजी शाळेतून आलेले गायक तो ‘ट’ करतात आणि सोळा ‘ट’ एकदम वाजले की तडतड होते. ‘चेली’मधला ‘च’ मात्र ‘चार’चा, ‘चमचा’तला नव्हे. शब्दाच्या शेवटचा ‘स’ एका ठरलेल्या गायकानंच म्हणायचा, बाकीच्यांनी गिळायचा. नाहीतर चर्चभर साप सोडल्यासारखं होतं. कार्यक्रमाआधी वीस मिनिटं उदाहरणांसह माहिती देण्याची त्यांची पद्धत चांगली आहे, त्यासाठी लवकर जावं.

जानेवारीला दीडशेच खुर्च्या आहेत आणि पास असला तरी जागा आपोआप राखली जात नाही. आठवडाभर आधी नाव नोंदवावं लागतं. दगडी हॉल रात्री गार पडतो, शाल जवळ ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि खोकल्याच्या गोळ्यांचे कागद लिगेती सुरू व्हायच्या आधीच उघडून ठेवा.